दाढीचं गाणं

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

सहा वर्षांनी तुला पत्र लिहायची वेळ माझ्या उजव्या मनगटाने आणली. डिसेंबरात इन्स्टिट्यूटमध्ये स्टुलावर चढून फळ्यावरच्या घड्याळाचा सेल बदलत होते, तेव्हा पडले. हाड दोन ठिकाणी मोडलं. सेल बदलायला शिपाई आहे, पण तो येईपर्यंत घड्याळ थांबलेलं राहिलं असतं, आणि वर्ग भरलेला असताना थांबलेलं घड्याळ मला बघवत नाही. तू हसशील. हस.

सहा आठवडे प्लास्टर होतं. ते कापल्यावर आतून जे निघालं ते मनगट नव्हतं, भिंतीतली खुंटी होती. फिजिओथेरपीवाल्या मुलीने हातात रबरी चेंडू दिला. मी म्हटलं, "मी काय बालवाडीत आहे?" ती म्हणाली, "मग मावशी, असं काही करा ज्यात मनगट सैल सोडून खाली-वर न्यावं लागेल. रोज वीस मिनिटं. भिंत रंगवा, पंखा घाला, काय वाटेल ते करा, पण हात ताठ ठेवायचा नाही." मला उभ्या जन्मात हात ताठ ठेवू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. घरी आले, खुर्चीत बसले आणि कपाटाच्या वर बघितलं.

तुझी गिटार तिथेच आहे, तू ठेवून गेलीस तशी. खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडून खाली काढून घेतली. त्यांच्या चष्म्यावर जळमटं आली, त्याबद्दल त्यांची माफी मागितली. तुझी परवानगी मागत नाही. वस्तू वापरात आली आहे, मालकिणीला कळवणं कर्तव्य आहे, म्हणून कळवते.

पेटीच्या खिशात तुझी वही मिळाली. वर लिहिलंय, "नवशिक्यांसाठी". चाळून ठेवून द्यावी म्हणून उघडली आणि जेवायची वेळ टळून गेली. चौतीस वर्षं मी टायपिंग आणि शॉर्टहँड शिकवते आहे. शिकवणाऱ्या माणसाची वही कोणती आणि मिरवणाऱ्याची कोणती, ते मला दोन पानांत कळतं. लायब्ररीतून गिटारची दोन छापील पुस्तकं आणून ताडून पाहिली. दोन्हींत पहिल्या पानापासून डाव्या हाताची बोटं कुठे दाबायची त्याच्या आकृत्या. तुझ्या पहिल्या पानावर आहे: "पहिले आठ दिवस डाव्या हाताला सुट्टी. त्याला तारांवर आडवा पडू दे. डावा चुकला तर गाणं बेसूर होईल, उजवा थांबला तर गाणं मरेल." तिसऱ्या पानावर: "तारांना मारायचं नाही. ओला हात झटकतो तसा झटकायचा. तारा वाटेत येतात, त्याला आपला इलाज नाही."

हे वाक्य मी तीनदा वाचलं. मी कधी शॉर्टहँडबद्दल असं वाक्य लिहू शकले नाही. तुझ्या वाजवण्याला मी या घरात "खाजवणं" म्हणत असे, तेही मला आठवलं.

आता कामाचं. अनुक्रमणिकेत "धडा अकरा: दाढीचं गाणं" असं आहे. वहीत दहाव्या धड्यानंतर एकदम बारावा येतो. मधली पानं पट्टी लावून फाडलेली आहेत. रागातसुद्धा पट्टी लावणारी माणसं याच घराची, तेव्हा फाडली कुणी हे विचारत नाही. मी चौथ्या धड्यावर आहे, पण मला ते गाणं हवं आहे. बाबा आरशापुढे उभं राहून वस्तरा हवेत फिरवत म्हणायचे, दोन ओळी येत आणि पुढे नुसता फेस, ते. त्याच्या फटक्यांचा क्रम कळव. खाली किती, वर किती, कोणत्या मात्रेवर. बाकी काही लिहिण्याची गरज नाही.

ताई


ता. १९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "ते मी सोडलं. वही रद्दीत टाक." सहा शब्द. काटकसर चांगली आहे, पण सूचना अमान्य.

वही रद्दीत टाकायच्या लायकीची नाही, आणि हे माझं एकटीचं मत नाही. जुन्या तारांना गंज होता म्हणून गिटार घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले. त्या माणसाने पेटी उघडल्याबरोबर विचारलं, "ही गिटारवाल्या बाईंची ना?" तुला ओळखतो. त्याची मुलगी तुझ्याकडे शिकत होती. म्हणाला, "त्यांच्या पोरांचा हात लगेच कळतो, बाई. सूर चुकेल, शब्द चुकतील, पण हात थांबत नाही. माझी पोरगी एकदा कार्यक्रमात गाण्याच्या मधल्या चार ओळी विसरली. हात चालू. लोकांना वाटलं, तिथे मुद्दाम वाद्यच ठेवलंय." मग विचारलं, "कुठे असतात त्या हल्ली?"

मी सांगितलं, दुसऱ्या गावी, चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात.

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. "का?"

मी म्हटलं, "घरगुती कारण."

त्यानंतर त्याने तारा लावल्या आणि बिल पुढे सरकवलं.

हॉस्पिटलमधल्या त्या दुपारी मी तुझ्या तारांवर हात ठेवला हे मला मान्य आहे. वॉर्डात आणखी पाच पेशंट होते. नियम असतात. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

तू क्रम कळवला नाहीस, म्हणून मी तो स्वतः काढला. तू वाजवायचीस तो आवाज माझ्या कानात आहे. कान माझे चांगले आहेत, मिनिटाला एकशे वीस शब्द याच कानांनी घेतले आहेत. डोळे मिटून गाणं मनात म्हटलं आणि पॅडवर एकेका फटक्याला एकेक रेघ ओढत गेले. उत्तर असं आलं: खाली, खाली, वर, वर, खाली, वर. सहा. वीस वेळा तपासलं, सहाच. मला बरं वाटलं. शाळेत गणिताचं उत्तर मागच्या पानाशी जुळायचं तसं.

वाजवायला घेतलं आणि सगळं लंगडं निघालं. पहिले तीन कसेबसे जातात. चौथ्याला हात आधीच वर असतो, आणि त्याला पुन्हा वर जायचं असतं. वर असलेला हात वर कसा जाणार? मी थांबते, हात खाली आणते, मग वर नेते. तोवर गाणं कोपऱ्यापर्यंत पोचलेलं असतं. रविवारी वकील जिन्यात भेटले. "बाई, घरी सुतारकाम काढलंय का?"

मी म्हटलं, "सराव चाललाय."

"असू दे, असू दे. फक्त सुताराचा एक पाय आखूड आहे असं वाटतं."

चूक कुठे आहे ते मला दिसत नाही. सहा फटके ऐकू येतात, सहा लिहिले. शॉर्टहँडचा पहिला नियम मुलींना मी हाच सांगते, की जे ऐकू येत नाही ते लिहायचं नाही. मूक अक्षर गाळा, वेळ वाचतो. मी क्रम बरोबर लिहिला आहे आणि तो चुकीचा वाजतो. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

उत्तर द्यायची सक्ती नाही.

ताई


ता. ११ मार्च, मंगळवार

धाकटे,

माझी खात्री होती की तुला राहवणार नाही. चुकीचं वाजताना ऐकून खऱ्या शिक्षकाला गप्प बसता येत नाही, मग ते दोनशे मैलांवर का वाजत असेना.

कार्डावर ना नमस्कार ना सही. आठ खुणा, त्यांतली दुसरी आणि पाचवी शून्यं. खाली, शून्य, खाली, वर, शून्य, वर, खाली, वर. आणि त्याखाली तुझं ते बारीक अक्षर: "शून्य म्हणजे हात जातो, तारांना लागत नाही. तू न वाजलेले फटके गाळलेस. ते वाजत नाहीत, पण मारावेच लागतात."

कार्ड वाचून मी जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. चौतीस वर्षं न ऐकू आलेलं गाळायला शिकवलं, आणि गाण्याचा सगळा तोल नेमका त्या गाळलेल्यात होता. हे कुणीतरी मला विसाव्या वर्षी सांगायला हवं होतं. तू सांगितलं असतंस, पण तू तेव्हा आठ वर्षांची होतीस आणि मी तुझं ऐकत नव्हते.

चार दिवस गिटार घेतलीच नाही. टेबलाच्या कडेवर नुसता हात. समोर घड्याळ, सेकंदाला एक हालचाल. मोठ्याने मोजायचं: खाली, हवा, खाली, वर, हवा, वर, खाली, वर. सुरुवातीला हवा आली की हात बिचकायचा. त्याला वाटायचं, काम नाही तर जायचं कशाला. माझाच हात तो. पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला गिटार मांडीवर घेतली, डावा हात तुझ्या सांगण्याप्रमाणे तारांवर आडवा टाकला आणि सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला मोजणं सुटलं आणि हात चालतच राहिला. तो मी चालवत नव्हते. पेंडुलमला कुणी रोज ढकलत नाही, तसं. आणि त्या खरखरीत, सूर नसलेल्या आवाजात बाबांचं गाणं होतं. शब्द नाहीत, चाल नाही, तरी तेच.

तुझ्याकडे सात-आठ वर्षांची मुलं येत. म्हणजे मला सहासष्टाव्या वर्षी मनगट मोडून घेतल्यावर जे कळलं, ते तू त्यांना पहिल्या महिन्यात देत होतीस. दर बुधवारी, संध्याकाळी पाच ते सहा, आपल्याच पुढच्या खोलीत. मी दार लावून आत पेपर तपासायचे. दार लावल्याचं वाईट वाटतं.

मनगट आता नळ पिळण्याइतकं वळतं. फिजिओवाली मुलगी म्हणाली, "मावशी, काय जादू केलीत?" मी तिला तुझं नाव सांगितलं.

इथे पुढे सात ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. मी नीट खोडते.

ताई


ता. २३ मार्च, रविवार

धाकटे,

खोडलेल्या सात ओळी आज पुन्हा लिहिते. पाणी पिऊन, खिडकी उघडून, टेबलावरची बाकीची कागदपत्रं बाजूला करून लिहायला बसले आहे.

बाबांना झटका येऊन तिसरा दिवस होता. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, डावा हात चालत होता. मी औषधं घेऊन आले तर तू पलंगाच्या पायथ्याशी बसून हळू आवाजात दाढीचं गाणं वाजवत होतीस. मी पुढे येऊन तारांवर पंजा ठेवला. "बंद कर. तमाशा आहे का हा?" तू माझ्याकडे बघितलंस, गिटार पेटीत घातलीस आणि निघून गेलीस. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "तुझ्या आवाजाने ते अस्वस्थ झाले होते. तू गेल्यावर कुठे त्यांना शांत झोप लागली." दोन दिवसांनी सकाळी ते गेले. सगळे लोक पांगल्यावर तू मला जिन्यात पुन्हा विचारलंस, "ताई, खरंच त्रास होत होता त्यांना?" मी हो म्हटलं.

ते खोटं होतं.

ते झोपले नाहीत. तू दाराबाहेर गेल्यावर त्यांच्या डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजायला लागलं. मला वाटलं, काहीतरी हवं आहे. मी विचारलं, पाणी? उशी? पंखा? नर्सला बोलावू? कुशीवर करू? दर वेळी ते डोळे मिटायचे, उघडायचे आणि बोट पुन्हा सुरू. यात काही अर्थ असणार, नंतर सवडीने लावू, म्हणून मी पर्समधून पॅड काढलं आणि उतरवून घेतलं. टकटकीला रेघ. सहा रेघा, मग तेच, मग तेच. एक पान भरलं. चाळीस मिनिटांनी त्यांनी हात खाली सोडला आणि तोंड पलीकडे केलं.

ते पान मी जपून ठेवलं. का, ते मला सांगता आलं नसतं. तुझं कार्ड आल्यावर ते काढून शेजारी ठेवलं.

सहा रेघा. मी स्वतः काढलेला तोच लंगडा क्रम, रेघेला रेघ. माझ्या लिहिण्यात शून्यं नाहीत, कारण आवाज आला नाही आणि मी लिहिलं नाही. पण डोळ्यांनी बघितलं होतं. बोट खाली यायचं, कठड्याच्या केसभर वर थांबल्यासारखं व्हायचं, न टेकता परत जायचं. मला वाटलं होतं, शक्ती संपली. दर फेरीला, बरोबर त्याच जागी शक्ती संपत नाही, धाकटे. अर्धं शरीर गेलेल्या माणसाने एकही रिकामा फटका चुकवला नाही.

आणि आता हेही आठवतं, की दाढी करताना त्यांचा वस्तरा गालाला न लागता मध्येच एकदा हवेतून फिरायचा. आपण हसायचो. तू तो फटका त्यांच्याकडूनच उचललास, होय ना? लहानपणी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायचीस. मला वाटायचं, पोरगी वेळ घालवते.

त्यांना पाणी नको होतं. पुढे वाजव म्हणत होते, आणि मी त्यांना उशी हवी का विचारत होते.

खोटं का बोलले, ते लिहिल्याशिवाय हे पत्र अर्धं राहील. बारा गोष्टी विचारून मला जे कळलं नाही, ते तू काही न विचारता त्यांच्यापाशी बसून देत होतीस. मी घरात थोरली, सगळी कागदपत्रं माझ्याकडे, डॉक्टर माझ्याशी बोलत, आणि बाप तुझ्याशी बोलत होता. ते मला सोसलं नाही. त्या एका वाक्याने तू वाजवणं सोडशील, शिकवणं सोडशील, घर सोडशील, असं मला वाटलं नव्हतं. पण सोडलंस तेव्हा मी ते वाक्य परतही घेतलं नाही. सहा वर्षं.

क्षमा कर असं लिहीत नाही. तो तुझा अधिकार, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. चूक माझी, पूर्ण माझी, एवढं लिहून खाली सही करते.

ताई


ता. ६ एप्रिल, रविवार

धाकटे,

चौदा दिवस झाले. उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, असं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल.

येत्या शनिवारी, बारा तारखेला, मी येते आहे. सकाळच्या गाडीने निघून दुपारी पोचेन. गिटार घेऊन येते. तिच्यावर माझा हक्क नाही आणि आता निमित्तही नाही, मनगट बरं झालं. पार्सलने पाठवणार नव्हते. रस्त्यात कुणी आपटली तर मला चालणार नाही. तुझ्या दुकानाला शनिवारी अर्धा दिवस असतो, ही चौकशी मी फोनवरून केली आहे. चष्मा करायचा आहे असं सांगितलं.

दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. मी पेटी शेजाऱ्यांकडे ठेवून संध्याकाळच्या गाडीने परतेन. आत ये असं म्हणालीस तर येईन. बोलायचं नसेल तरी चालेल. न बोलता बसायला मी या दोन महिन्यांत थोडी शिकले आहे.

काल वकील जिन्यात म्हणाले, "सुताराने पाय बसवून घेतला वाटतं. आता ऐकायला बरं वाटतं हो." मी सांगितलं की गिटार जाणार आहे. ते म्हणाले, "मग रविवारी काय करायचं आम्ही?" या माणसाने दोन महिने खालून तक्रार केली, आणि आता ही तऱ्हा.

ताई


ता. १२ एप्रिल, शनिवार
दुपारी पावणेपाच, धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दोन प्रती.

दिले–घेतले यांची नोंद

ताईने धाकटीला दिले:

गिटार, एक. जुनी, तारा नव्या. डाव्या कडेला ओरखडा, तो सहा वर्षांपूर्वीचाच आहे असं दोघींनी बघून ठरवलं.

पेटी, एक. एक कडी नीट लागत नाही.

"नवशिक्यांसाठी" वही, एक. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या शंका देणारीच्या आहेत. घेणारीने त्या वाचल्या, त्यांतल्या चार शंकांना "हे आधीच्या पानावर आहे" असं म्हटलं.

शॉर्टहँडच्या पॅडमधलं पान, एक. बाबांचं. सोबत त्याचं वाचन, वेगळ्या कागदावर, शून्यांसह. हे घेणारीने लगेच वाचलं नाही. खिडकीशी नेऊन वाचलं.

गिटार हाती देण्यापूर्वी देणारीने गाणं एकदा वाजवून दाखवलं. घेणारीने दोन चुका काढल्या. दुसरी देणारीला मान्य नाही. घेणारीने मग ती स्वतः वाजवून सिद्ध केली, तेव्हा मान्य झाली. घेणारीचा हात सहा वर्षांत थांबलेला असेल असं वाटलं होतं. तसं दिसलं नाही.

वरील सर्व मिळालं.
— धाकटी

धाकटीने ताईला दिले:

धडा अकरा. पानं दोन, पट्टी लावून फाडलेली. पाकिटातून चार वेळा घडी घातलेली निघाली. घडीवर कागद मऊ झाला आहे, म्हणजे अधूनमधून उघडला जात होता. पहिली ओळ: "हे गाणं बाबांच्या वस्तऱ्यावरून बसवलं आहे."

पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, एक. उसनं. पुढच्या शनिवारी दुपारी तीनला, धड्याला येताना, परत आणायचं.

मिळालं.
— ताई